कॅज्युअल्टीतला नवा लेखनिक

तातडीच्या उपचारांबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मुळात कागदाबद्दलचा आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने त्याला घेतले नाही. पोलीस केस आमच्याकडे होत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या, असे सांगितले. तो वाटेतच गेला. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी बजावले, की आधी जीव वाचवायचा, सोपस्कार नंतर. कॅज्युअल्टीत उभा राहणारा प्रत्येक डॉक्टर हे जाणतो. हे 'नंतर' केव्हा येते, तेही त्याला ठाऊक असते. ते पहाटे चारला येते. तीन रुग्ण वर वॉर्डात गेलेले असतात, एक मोठ्या रुग्णालयात पाठवलेला, एक दगावलेला, आणि पाचही जणांचे कागद अर्धे. मग डॉक्टर आठवून आठवून लिहितो. आला तेव्हा नाडी किती होती? टाके घालण्याआधी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले की नंतर? सोबत आलेला माणूस भाऊ होता की मेहुणा?

या पहाटेच्या लिखाणाला हातभार लावणारे एक यंत्र आता आले आहे. इंग्रजी वैद्यकीय वर्तुळात त्याला एआय स्क्राइब म्हणतात. आपण त्याला लेखनिक म्हणू. त्याचा अभ्यास हे एक स्वतंत्र क्षेत्र होऊ लागले आहे आणि त्यात शिरू पाहणाऱ्यांचे स्वागत करायला ही प्रस्तावना आहे. वाचणारे सगळे डॉक्टर असतील असे मी धरलेले नाही. किंबहुना या क्षेत्राला डॉक्टरांइतकीच गरज परिचारिकांची, संगणक अभियंत्यांची, वकिलांची आणि बोलीभाषांच्या अभ्यासकांची आहे.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. डॉक्टर आणि रुग्ण बोलत असतात, तेव्हा टेबलावरचा किंवा खिशातला फोन ऐकत असतो. पहिल्या टप्प्यात आवाजाचे शब्द होतात. दुसऱ्यात कोण काय बोलले याची वाटणी होते. तिसऱ्या टप्प्यात एक मोठे भाषा-मॉडेल त्या सैल, तुटक संभाषणातून वैद्यकीय टिपण बेतते: तक्रार काय, कधीपासून, आधीचे आजार कोणते, तपासणीत काय आढळले, पुढे काय करायचे. शेवटी डॉक्टर ते वाचतो, दुरुस्त करतो आणि सही करतो. या चारांपैकी अभ्यासकाने कुठे सर्वांत जास्त वेळ घालवावा असे कोणी विचारले, तर मी चौथ्याकडे बोट दाखवीन. पहिल्या तिन्ही टप्प्यांवर जगभर पैसा आणि बुद्धी ओतली जात आहे. चौथा टप्पा थकलेल्या माणसावर सोडून दिलेला आहे.

हे सगळे मोडनिंबहून कसे दिसते, हे पाहणे मला अगत्याचे वाटते. मोडनिंब म्हटले की बाहेरच्यांना बोरांचा बाजार आठवतो, नाहीतर लोकनाट्य कला केंद्रे. वैद्यकाच्या अभ्यासकाने मात्र ते आधी पुणे–सोलापूर महामार्गावरचे गाव म्हणून पाहावे. माढा तालुक्यातला हा पट्टा ऊस, द्राक्षे आणि डाळिंबांचा. गाळप हंगामात रस्त्यावर बिनदिव्यांच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांच्यामागे येऊन आदळणाऱ्या मोटारसायकली. फवारणीची औषधे घरोघर असल्याने ती पिण्यात येण्याचे प्रकार असतात. पावसाळ्यात साप आणि विंचू. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणारी गर्दी. अशा गावात रुग्ण पहिल्यांदा पोहोचतो तो जवळच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात. तिथून पंढरपूर, आणि फारच बिघडले तर तासाभराच्या अंतरावरचे सोलापूर. सोलापूरला म्हणजे बहुतेक वेळा 'सिव्हिल'ला, १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात.

या वाटेवर एकाच माणसाची हकिकत निदान चार वेळा सांगितली जाते: गावात, १०८ च्या रुग्णवाहिकेत, कॅज्युअल्टीत आणि वॉर्डात. चारही ठिकाणी ती नव्याने लिहिली जाते. महाराष्ट्रातली १०८ सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या आणि त्यांत डॉक्टर असतो हे तिचे वैशिष्ट्य होते; म्हणजे गाडीतही एक लिहिणारा आला. शिवाय केस पेपर, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस केस) रजिस्टर, पोलीस चौकीला द्यायची इंटिमेशन, संमतीपत्र, एक्स-रे आणि रक्ताच्या चिठ्ठ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल तर तिचे फोटो आणि मंजुरीचे कागद. सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात राज्यांना कळवले. ते योग्यच होते. साप चावून किती माणसे मरतात हे आपल्याला नीट कळलेलेच नाही. पण प्रत्येक योग्य कारणासाठी एक तक्ता वाढतो, आणि तो भरणारा माणूस तोच राहतो.

तो माणूस बहुधा इंटर्न असतो. अमेरिकेत तातडीच्या विभागात डॉक्टरसोबत लेखनिक ठेवण्याची पद्धत काही दशके जुनी आहे, आणि ती आपल्याकडे कधी आली नाही असे म्हणतात. माझ्या मते ती आपल्याकडे आधीपासून आहे. फक्त तिला शिक्षण म्हणतात. मोठे डॉक्टर तपासता तपासता बोलतात, इंटर्न लिहितो. या व्यवस्थेत त्याची पिळवणूक होते यात शंका नाही. तरीही त्या लिहिण्यातूनच त्याला कळत जाते, की पोटदुखीच्या रुग्णाला शेवटची पाळी कधी आली हे विचारल्याशिवाय पुढे जायचे नसते. उद्या यंत्र लिहू लागले, तर इंटर्नचे हात मोकळे होतील. त्या मोकळ्या हातांनी तो काय शिकेल, याचे उत्तर या क्षेत्रात आलेल्या वैद्यकीय शिक्षकांना द्यावे लागेल.

आता थोडा इतिहास. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली रुग्णाच्या नोंदी कशा लिहाव्यात याची एक शिस्त मांडली. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ती चार भागांत पाठ केली: रुग्ण काय सांगतो, मला काय आढळते, त्यावरून मी काय ठरवतो, पुढे काय करणार. वीड यांच्या दृष्टीने नोंद म्हणजे डॉक्टरच्या विचाराची उघड तपासणी होती. कुणीही ती वाचावी आणि इथे तुमचा तर्क चुकला असे सांगावे. पुढच्या अर्धशतकात तिथे या नोंदीवर विमा कंपन्यांचे बिल बसले, वकिलांची भीती बसली, आणि २००९ च्या कायद्याने सरकारी पैसा देऊन सगळे संगणकावर नेले. २०१३ साली एका अमेरिकन तातडीच्या विभागात डॉक्टरांचा वेळ मोजला, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक वेळ संगणकात माहिती भरण्यात जात होता; रुग्णाजवळ त्याहून बराच कमी. दहा तासांच्या पाळीत माऊसच्या टिचक्या चार हजारांच्या आसपास होत होत्या. पुढे २०१८ साली असेही निदर्शनास आणले गेले, की अमेरिकन डॉक्टरांची टिपणे इतर देशांतल्या टिपणांच्या सरासरी चौपट लांब असतात. एआय लेखनिक हे यंत्र या आजारावरचे औषध म्हणून तयार झाले आहे, हे विसरून चालणार नाही. आपला आजार तोच आहे का, हे आधी पाहावे लागेल.

या इतिहासात महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकन डॉक्टर रात्री ध्वनिमुद्रण करून ठेवत आणि भारतातली मुले-मुली दिवसा ते टाइप करून पाठवत, हा मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा धंदा नव्वदीनंतर आपल्या शहरांत फोफावला. त्याचीच पुढची पायरी नवी मुंबईतल्या ऐरोलीत आहे. इन्व्हेंचरस नॉलेज सोल्यूशन्स, म्हणजे आयकेएस हेल्थ, ही कंपनी अमेरिकन डॉक्टरांची कागदोपत्री कामे सांभाळते. त्यांत टिपणे लिहून देणेही आले, आणि आता त्या कामात यंत्रही आले आहे. २०२४ च्या डिसेंबरात ती शेअर बाजारात उतरली. मुंबईचीच ऑग्निटो ही कंपनी भारतीय डॉक्टरांच्या इंग्रजी उच्चारांना सरावलेले श्रुतलेखन विकते. म्हणजे लिहिण्याचे कसब आपल्याकडे आहे, यंत्रेही आहेत. परदेशातल्या डॉक्टरच्या टेबलावरचा कागद इथून हलका होतो, आणि इथून जेमतेम दिवसभराच्या वाटेवर असलेल्या कॅज्युअल्टीत डॉक्टर फाटलेल्या रजिस्टरावर रेघा मारत बसतो. यात कुणाचे कपट नाही. ज्याच्या कागदाचे पैसे मिळतात त्याचा कागद आधी हलका होतो, एवढेच.

पुराव्याकडे वळताना नवागताने एक भेद कायम ध्यानात ठेवावा: माणूस-लेखनिकाचा पुरावा वेगळा आणि यंत्र-लेखनिकाचा वेगळा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पाच तातडीच्या विभागांत प्रशिक्षित माणसे लेखनिक म्हणून डॉक्टरांसोबत उभी केली, चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरवल्या आणि निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर तासाला सुमारे सोळा टक्के जास्त रुग्ण पाहू शकले आणि रुग्णाचा विभागातला मुक्काम सरासरी १९ मिनिटांनी घटला. हा भक्कम अभ्यास आहे, पण तो माणसांचा आहे. माणूस-लेखनिक डॉक्टरला विचारू शकतो, 'सर, डावा की उजवा?'

यंत्राची मोठी चाचणी कॅलिफोर्नियातल्या परमनन्टे मेडिकल ग्रुपने केली. २०२३ च्या ऑक्टोबरपासून दहा आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांनी ३,०३,२६६ भेटींत ते वापरले, आणि उत्साहाने वापरणाऱ्यांत तातडीचे डॉक्टरही होते. त्याच अहवालात चुकाही प्रामाणिकपणे दिल्या आहेत. एका रुग्णाच्या हाता-पायांच्या आणि तोंडाच्या तक्रारींबद्दल डॉक्टर बोलले, तर यंत्राने त्याला 'हँड, फूट अँड माउथ' नावाचा संसर्गजन्य रोगच लावून टाकला. दुसऱ्या ठिकाणी प्रोस्टेटची तपासणी करायची असे बोलणे झाले, आणि टिपणात ती झालेली होती. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २३८ डॉक्टरांवर यादृच्छिक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ साली आले: एका यंत्राने टिपणाचा वेळ साधारण दहाव्या हिश्श्याने कमी केला, दुसऱ्याने म्हणण्यासारखा कमी केलाच नाही. जाहिरातीतले आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

आता ज्या प्रश्नासाठी आपल्या भागातल्या अभ्यासकांनी या क्षेत्रात यायलाच हवे, त्याकडे. सोलापूरच्या कॅज्युअल्टीत एका रात्रीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकू येते. पूर्व भागातली विणकर पद्मशाली आजी तेलुगूत कण्हते, नातू मराठीत सांगतो, डॉक्टर सिस्टरला अर्ध्या इंग्रजीत औषध सांगतो. अक्कलकोटकडचा माणूस एकाच वाक्यात कन्नडहून मराठीत येतो. यातून यंत्राला इंग्रजी टिपण काढायचे असते. भारतीय भाषांच्या आवाजांवर काम झालेले नाही असे नाही. मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत गटाने २२ भाषांतले आवाज गोळा केले आहेत, केंद्राचा भाषिणी प्रकल्प २०२२ पासून चालू आहे. पण कॅज्युअल्टीतले बोलणे शांत खोलीतल्या बोलण्यासारखे नसते. चार नातेवाईक एकदम बोलतात, मॉनिटर वाजत असतो, ऑक्सिजनचा मास्क तोंडावर असतो.

आणि बोलण्याचा आशयही सरळ नसतो. 'नाही म्हणायला छातीत जरा दुखतंय, पण ते नेहमीचंच,' असे सत्तरीचा शेतकरी सांगतो. ऐकणाऱ्या माणसाला कळते, की याला दुखते आहे आणि ईसीजी काढला पाहिजे. यंत्राने यातला 'नाही' उचलला, तर टिपणात छातीत दुखत नसल्याची स्वच्छ, सुबक नोंद होईल. ती वाचून सकाळचा डॉक्टर निर्धास्त होईल. हस्ताक्षरातल्या गचाळ नोंदीवर निदान शंका तरी येते. छापील, व्याकरणशुद्ध वाक्यावर येत नाही.

याहून गंभीर दोष शांततेचा आहे. ओपनएआयच्या व्हिस्पर या श्रुतलेखन यंत्रावर अमेरिकन संशोधकांनी २०२४ साली केलेल्या अभ्यासात आढळले, की सुमारे एक टक्का ध्वनितुकड्यांत यंत्राने कुणीही न उच्चारलेली वाक्ये घातली होती. बोलणाऱ्याचे थांबे जितके लांब, तितका हा धोका मोठा. अडखळत बोलणाऱ्या, वाचाघात झालेल्या माणसांच्या बाबतीत तो अधिक होता. कॅज्युअल्टीत कोण येते? धाप लागलेला, पक्षाघाताने जीभ जड झालेला, कीटकनाशक पिऊन तोंडाला फेस आलेला. आपल्याकडे दीर्घ थांब्यांचा तुटवडा नाही.

इथे मला महाराष्ट्रातलेच एक उदाहरण पुढे ठेवावेसे वाटते. रायगड, तेव्हाचा कुलाबा, जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तिथे पोरे मरत होती आणि पुस्तकात त्यावर फारसे काही नव्हते. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले आणि लिहीत गेले: घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब तासातासाला कसे बदलले, फुप्फुसात पाणी कधी भरले. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांची निरीक्षणे आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरात आणले आणि चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू एखाद्या टक्क्यावर आले. त्या नोंदींत जे मोलाचे होते, त्यातले बहुतेक कुणी बोललेलेच नव्हते. गार पडलेले तळपाय बोलत नाहीत. फोन टेबलावर ठेवला असता तर त्याला आईचे रडणे ऐकू आले असते.

या उदाहरणातून माझी या क्षेत्राबद्दलची मुख्य समजूत तयार झाली आहे, आणि वाचकाने ती तपासून घ्यावी. वीड यांच्या चार भागांपैकी पहिला भाग, रुग्ण काय सांगतो, हा बोलण्यातून जन्मतो. तो यंत्राने लिहावा, आनंदाने लिहावा. दुसरा भाग पाहण्यातून आणि हात लावण्यातून जन्मतो. तो यंत्राला मिळण्यासाठी डॉक्टरला तपासताना मोठ्याने बोलावे लागेल: 'पोट मऊ, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखते.' ही सवय लागली तर चांगलीच. रुग्णालाही कळते की काय चालले आहे. पण काही निष्कर्ष रुग्णासमोर मोठ्याने बोलण्याजोगे नसतात. तिसरा भाग, मी काय ठरवतो, हा डॉक्टरनेच लिहावा, दोनच ओळी का होईनात. लिहिताना जी शंका येते ती वाचताना येत नाही. यंत्राने लिहिलेला निष्कर्ष वाचून मान डोलावणे फार सोपे आहे, विशेषतः पहाटे चारला.

राहिला आपल्या कागदांचा मोठा वाटा, जो या चारांपैकी कशातच बसत नाही. तेच नाव, वय आणि पत्ता पाच रजिस्टरांत. तोच अपघात एमएलसीत, योजनेच्या अर्जात आणि रस्ते अपघातग्रस्तांसाठी २०२५ साली आलेल्या विनारोकड उपचारांच्या नोंदीत. हे लिखाण संभाषणातून येत नाही, त्यामुळे ऐकणारे यंत्र इथे निरुपयोगी आहे. त्यावर उपाय एकच, की एकदा लिहिलेले पुन्हा लिहायला लावू नये. आभा हा आरोग्य ओळख क्रमांक आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून तेच सांगत आहेत. आपल्या एखाद्या रुग्णालयाने लेखनिक यंत्र घेतले आणि पाचही रजिस्टरे तशीच ठेवली, तर डॉक्टरला सहावे काम लागेल: यंत्राचे टिपण तपासण्याचे. कागद लवकर भरणे आणि कागद कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी यंत्र लागत नाही, परिपत्रक लागते. परिपत्रक काढणे यंत्र विकत घेण्यापेक्षा अवघड का असते, यावर एखाद्या प्रशासनशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा.

वकिलांना या क्षेत्रात बोलावण्याचे कारण एमएलसी. तातडीच्या विभागातला कागद जसा डॉक्टरांसाठी असतो तसा न्यायालयासाठीही असतो. एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. भाजलेली सून आणली आहे, सोबत सासरची माणसे आहेत. 'स्टोव्हचा भडका उडाला,' असे दीर सांगतो. ती गप्प आहे. अनुभवी डॉक्टर किंवा सिस्टर सगळ्यांना बाहेर काढते आणि पुन्हा विचारते. ऐकणारे यंत्र पहिल्यापासून चालू असेल, तर त्याच्या टिपणात 'रुग्णाच्या म्हणण्यानुसार' या शब्दांखाली कुणाचे म्हणणे जाईल? आणि ती नंतर बोलली, तर? मृत्युपूर्व जबानीला ठरावीक साचा लागत नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की रुग्ण शुद्धीवर आणि बोलण्यास समर्थ होता याची जबानी घेणाऱ्याची खात्री पटली असेल तर डॉक्टरचा दाखला नाही म्हणून ती फेटाळता येत नाही. मग टेबलावरच्या फोनने सहज टिपलेले तिचे शब्द काय ठरतील? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात यायची तर दाखल्यासह यावी लागते. मूळ ध्वनिफीत टिपण झाल्यावर पुसायची, ही अनेक यंत्रांची पद्धत आहे. खासगीपणाच्या दृष्टीने ती चांगली आणि पुराव्याच्या दृष्टीने वाईट. माझा कल असा, की एमएलसीच्या रुग्णासमोर यंत्र बंदच असावे, निदान याचे नियम ठरेपर्यंत. पण याविरुद्ध बाजूही आहे: हाताने लिहिलेल्या नोंदीत दिराचेच म्हणणे तिचे म्हणून आजवर किती वेळा गेले असेल, हे कुणी मोजलेले असण्याची शक्यता कमीच.

संमतीचे तेच. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा जिवावर बेतलेल्या प्रसंगी संमतीवाचून माहिती वापरू देतो. ही सूट उपचारासाठी आहे. बेशुद्ध माणसाचा आवाज आणि त्याच्या बायकोचा आक्रोश एखाद्या कंपनीच्या मॉडेलला शिकवण्यासाठी वापरणे तिच्यात बसत नाही. खरेदीच्या करारात हे कलम कोण वाचतो, हा प्रश्न तालुक्याच्या गावात विनोदी वाटतो. पण करार मुंबईत होतो आणि आवाज माढ्यातला असतो.

इतक्या शंका मांडूनही मी या क्षेत्रात लोकांना बोलावतो आहे, कारण फायदा खरा आहे. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत तातडीच्या विभागात दर पाळीला पाहिलेल्या रुग्णांची संख्या १३.४ टक्के वाढल्याचे सांगितले गेले. आकडा थोडा सैल धरला तरी त्यामागचे चित्र कुठल्याही रुग्णाला हवेसे आहे: डॉक्टर मान वर करून बोलतो. आपल्या सरकारी कॅज्युअल्टीत डॉक्टरने मान वर केली, तर रांगेतल्या सातव्या माणसाचा चेहरा निळा पडतो आहे हे त्याला दिसेल. तातडीचे वैद्यक ही आपल्याकडे २००९ साली मान्य झालेली शाखा. तिच्यातले प्रशिक्षित डॉक्टर शहरांपुरते आहेत. तालुक्याच्या जागी तेच काम एमबीबीएस झालेला तरुण एकट्याने करतो. त्याचा अर्धा तास वाचला तर तो कुणाच्या तरी जगण्यात खर्च होईल.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्यांना मी मोठ्या रुग्णालयातल्या मोठ्या यंत्राकडे पाठवणार नाही. रेफर चिठ्ठीपासून सुरुवात करा. मोडनिंबहून साप चावलेली बाई सोलापूरला निघते, तेव्हा तिच्यासोबत जाणारा कागद बहुतेकदा दोन ओळींचा असतो: 'सर्पदंश, पुढील उपचारासाठी.' तिकडच्या निवासी डॉक्टरला हवे असते ते असे: दंशाची वेळ, आवळपट्टी बांधली होती का आणि कधी सोडली, काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवलेले रक्त गोठले की नाही, प्रतिविषाच्या किती बाटल्या केव्हा दिल्या, ॲट्रोपिन-निओस्टिग्मीन दिले का, पापण्या जड झाल्या का, वाटेत लघवी झाली का आणि रंग कसा होता. यातले प्रत्येक उत्तर गावातल्या डॉक्टरने रुग्णाजवळ असताना कुणाला ना कुणाला तोंडाने सांगितलेले असते, सिस्टरला, नाहीतर नातेवाइकाला. ते टिपून आठ ओळींत बसवणे हे यंत्राला जमण्यासारखे काम आहे, आणि चूक झाली तर डॉक्टरला ती एका नजरेत दिसेल इतके ते छोटे आहे. अमेरिकन टिपणाची लांबी इथे आणण्याची गरज नाही. चिठ्ठी मराठीत असावी की इंग्रजीत, गाडीत नेटवर्क नसताना यंत्र कसे चालावे, पापणी जड झाल्याचे डॉक्टर बोललाच नसेल तर त्या ओळीत यंत्राने अंदाजाने काही न भरता ती कोरी सोडावी यासाठी काय करावे, हे सगळे प्रश्न इथे लहान आकारात सापडतील. सोलापूरला पोहोचल्यावर तेच प्रश्न नातेवाइकांना पुन्हा किती वेळा विचारावे लागले, हे आधी मोजावे. वाचलेली मिनिटे त्यानंतर मोजली तरी चालतील.